चाळीस डाव येतात, टाळी मात्र कंडक्टरला

वाचकाचं पत्र, नाव-गाव वगळून थोडक्यात:

"मी डिचोली तालुक्यातला, वय २४. औषधांच्या कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो. लहानपणी टीव्हीवर कुस्त्या बघायचो, पैलवानांची ट्रम्प कार्डं जमवायचो. खाणी बंद झाल्या, वडिलांचा ट्रक दारात उभा राहिला, तेव्हा घरच्यांच्या मनाविरुद्ध पंजाबात जाऊन दोन वर्षं प्रो रेसलिंग शिकलो. आता गोव्यात आणि सिंधुदुर्गात शो करणाऱ्या एका छोट्या गटात आहे. दोरावर चढून मागे उलटी उडी, म्हणजे मूनसॉल्ट, मारणारा गटात मी एकटाच. चाळीस तरी डाव येतात. लोक एकदा टाळी वाजवतात आणि परत मोबाईलमध्ये डोकं घालतात. आमच्यातलाच एक जण अडतीस वर्षांचा, पोट सुटलेला, दिवसा खासगी बसवर कंडक्टर. त्याला धड पाच डाव येत नाहीत. पण तो शिटी फुंकत आला की पब्लिक उभं राहतं. समोरच्याला ढकलत 'फुडें वच, फुडें वच' (पुढे सरक, पुढे सरक) म्हणत कोपऱ्यात नेतो आणि सगळे त्याच्याबरोबर ओरडतात. मला हे पचत नाही. माझ्यापुढे तीन वाटा आहेत. शिडीवरून, टेबलावर पडण्याचे धोक्याचे डाव शिकायचे. जिममधल्या एकाकडून इंजेक्शनं घेऊन तीन महिन्यांत पंधरा किलो वाढवायचे. नाहीतर आयोजक म्हणतात तसं खलनायक होऊन कंडक्टरशी लढायचं. खलनायक होण्यात मला कमीपणा वाटतो. आई म्हणते, भर जत्रेत लोक माझ्या पोराला शिव्या देणार, ते मला बघवणार नाही. काय करू?"

प्रिय मित्रा,

तुझं वय पाहून एकेरीत लिहीत आहे, राग मानू नको.

आधी इंजेक्शनांचं, कारण बाकी सगळं सावकाश ठरवता येईल, हे नाही. ती घेऊ नको. जिममधला माणूस देतो ते बहुधा टेस्टोस्टेरॉन किंवा त्याच्याच जातीचं स्टेरॉइड असतं, आणि बाटलीत नेमकं काय नि किती आहे हे देणाऱ्यालाही माहीत नसतं. तीन महिन्यांत पंधरा किलो चढलेच तर त्यात बरंचसं पाणी असतं. हृदयाची भिंत जाड होते, कोलेस्टेरॉल बिघडतं, आणि शरीर स्वतःचं हार्मोन बनवणं थांबवतं, त्यामुळे मूल होण्यातही अडचण येऊ शकते. शिवाय स्नायू फुगतो त्या वेगाने त्याला हाडाशी बांधणारा कंडरा बळकट होत नाही. तुझ्यासारख्या उड्या मारणाऱ्याचा तो ऐन रिंगमध्ये तुटू शकतो. एडी गरेरो हा नामवंत प्रो रेसलर २००५ च्या नोव्हेंबरमध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी, हॉटेलच्या खोलीत हृदयविकाराने गेला. त्यानंतर २००६ च्या फेब्रुवारीत डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकेतल्या मोठ्या प्रो रेसलिंग कंपनीने आपल्या कुस्तीगिरांसाठी स्टेरॉइड, अमली पदार्थ आणि हृदय यांच्या तपासणीचे नियम आणले. एखाददुसरी सुई आधीच घेतली असशील तर लपवू नको. डॉक्टरांना सरळ सांग आणि रक्तदाब, लिपिड, यकृत आणि हार्मोनच्या तपासण्या करून घे.

आता मूळ दुखणं. ज्याला जास्त डाव येतात तोच लोकांना जास्त आवडायला हवा, असं तू धरून चालला आहेस. हे कुठून आलं ते समजतं. ट्रम्प कार्डावर उंची, वजन, छाती, दंड, लढलेल्या आणि जिंकलेल्या कुस्त्या छापलेल्या असायच्या आणि ज्याचा आकडा मोठा त्याचं कार्ड जिंकायचं. मातीतल्या कुस्तीतही डाव लागला की कुस्ती निकाली. प्रो रेसलिंगचा निकाल मात्र आधी ठरलेला असतो, आणि ते आता गुपितही राहिलेलं नाही. १९८९ साली व्हिन्स मॅकमहनच्या कंपनीने, म्हणजे आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईने, न्यू जर्सीच्या सिनेटपुढे हे स्वतःच मान्य केलं, खेळांना लागू होणाऱ्या सरकारी नियमांतून सुटण्यासाठी. लोक तरीही येत राहिले. कोण जास्त ताकदवान हे बघायला ते येतच नव्हते. रिंगमधल्या दोघांतला एक आपला वाटतो, त्याचं पुढे काय होतं हे बघायला ते येतात. तुझ्या कुस्तीत आपलं कोण हेच त्यांना कळत नसावं.

रॉकची, म्हणजे ड्वेन जॉन्सनची, सुरुवात बघ. १९९६ च्या नोव्हेंबरमध्ये तो रॉकी माइव्हिया या नावाने आला तेव्हा त्याच्याकडे सगळं होतं. देखणं शरीर, कुस्तीगीर वडील आणि आजोबा, चपळ उड्या, कायम हसरा चेहरा. तीन महिन्यांत मोठा किताबही मिळाला. लोकांनी त्याला इतकं झिडकारलं की त्याच्या मरणाच्या आरोळ्या उठू लागल्या. १९९७ च्या ऑगस्टमध्ये तो खलनायकांच्या टोळीत गेला. हसणं थांबवलं, स्वतःचा उल्लेख 'द रॉक असं म्हणतो' असा परक्यासारखा करू लागला, लोकांना खिजवू लागला, आणि दीड-दोन वर्षांत तोच सगळ्यांचा लाडका झाला. त्याचा सर्वांत गाजलेला डाव कोणता? पडलेल्याच्या छातीवर कोपर टाकणं. शिकाऊ पोरांना सुरुवातीलाच येतो तो. पण त्याआधी तो कोपरावरचा पॅड काढून गर्दीत भिरकावायचा, मग एका बाजूचा दोर, मग दुसऱ्या बाजूचा, अशी धाव घ्यायचा. डाव एका क्षणाचा, पण त्याची वाट बघताना सगळा हॉल उभा राहिलेला असायचा.

स्टीव्ह ऑस्टिनचं तर तुझ्या अगदी उलट झालं. तो मुळात तंत्रात तरबेज. १९९७ च्या समरस्लॅम या शोमध्ये ओवेन हार्टच्या पाइलड्रायव्हरमध्ये, म्हणजे डोकं खाली धरून आपटण्याच्या डावात, त्याची मान दुखावली आणि काही वेळ त्याला हातपायही नीट हलवता येईनात. परत आल्यावर त्याला बरेच डाव सोडावे लागले. ठोसे, लाथा, ढकलाढकली आणि शेवटी स्टनर हा त्याचा ठरलेला डाव, एवढ्यावर तो आला. त्याच्या लोकप्रियतेचा कळस आहे तो त्यानंतरचा, १९९८ आणि ९९ चा.

तेव्हा कंडक्टरकडे जरा नीट बघ. शिटी वाजली की दोन सेकंदांत शेवटच्या रांगेतल्या पोरालाही कळतं कोण येतोय. ऑस्टिन येताना वाजणारा काच फुटण्याचा आवाज, अंडरटेकर येतानाची घंटा हेच काम करायची. 'फुडें वच' हे तर म्हापशाहून पणजीला उभ्याने गेलेल्या प्रत्येकाने ऐकलेलं आहे. खांद्याला खांदा लागलेला असताना जे आपल्याला ऐकावं लागतं, ते रिंगमधल्या दांडग्या गड्याला ऐकावं लागतंय, याचा लोकांना आनंद होतो. आणि त्यांना ओरडायला दोन शब्द मिळतात. डॅनियल ब्रायनने दोन्ही हात वर करत 'येस, येस' सुरू केलं तेव्हा हेच झालं. २०१२ च्या रेसलमेनियात, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईच्या वर्षातल्या सर्वांत मोठ्या शोमध्ये, तो अठरा सेकंदांत हरला, लोकांना तो अन्याय वाटला, आणि दुसऱ्या रात्रीपासून प्रेक्षागृहंच्या प्रेक्षागृहं 'येस' करू लागली. हाताला आणि तोंडाला काम मिळालं की माणूस मोबाईल खिशात ठेवतो.

पोटाचं म्हणशील तर डस्टी ऱ्होड्सचंही सुटलेलंच होतं. प्लंबरचा मुलगा म्हणून तो स्वतःची ओळख द्यायचा. भरजरी झगे घालून मिरवणाऱ्या रिक फ्लेअरला उद्देशून १९८५ साली त्याने जे भाषण केलं, त्यात तो काम गेलेल्या गिरणी कामगारांबद्दल आणि मोटार कारखान्यांतल्या माणसांबद्दल बोलला. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. तुमच्या कंडक्टरकडे तीच पुंजी आहे. त्याने ती समजून उमजून वापरली आहे, आणि याबद्दल तुला त्याचं कौतुक वाटायला हवं. त्याच्याकडून शिकण्यासारखं बरंच आहे.

तुझ्या कुस्तीत नेमकं काय बिनसतं हे पत्रावरून पूर्ण सांगता येणार नाही, पण उड्यांवर भर देणाऱ्या जवळजवळ सगळ्या नव्या पोरांचं एकाच जागी बिनसतं. डाव झाला की ते लगेच पुढच्या डावाकडे धावतात. मूनसॉल्टनंतर आवाज उठायला दोनेक सेकंद लागतात, तो चढतो, आणि मग उतरायला लागतो. उतरायला लागला की पुढचं करायचं. तू त्याआधीच उभा राहिलास तर लोकांचं ओरडणं तूच तोडतोस, आणि दोनदा तोडलंस की तिसऱ्यांदा ते ओरडत नाहीत. मोठा डाव झाला की पडून राहा, मनात सावकाश सहापर्यंत मोज, समोरच्यालाही मोजू दे.

दुसरी चूक सोसण्याची, ज्याला तुम्ही लोक सेलिंग म्हणता. पाचव्या मिनिटाला गुडघ्यावर मार बसला आणि आठव्या मिनिटाला त्याच गुडघ्याने तू दोरावर चढलास, की बघणाऱ्याने तुझ्यावर टाकलेला विश्वास गेला. एका कुस्तीत एकच अवयव निवड. दोर धरून उठताना, चालताना, डाव मारल्यावरही तो दुखत राहिला पाहिजे, अगदी हरून पडद्याआड जाईपर्यंत. आणि चेहरा लोकांकडे हवा. गावातल्या शोला प्रेक्षक तीन-चार बाजूंनी असतात. पकडीत असशील तर दर वीस-पंचवीस सेकंदांनी दोघांनी मिळून थोडं फिरायचं, म्हणजे प्रत्येक बाजूला एकदा तरी वेदना दिसते. समोरच्याच्या मानेआड तोंड लपवून पुढचा डाव सांगायलाही हीच वेळ.

हे सगळं तपासायची सोपी रीत आहे. मित्राला तिसऱ्या रांगेत बसव आणि फोनवर फक्त आवाज रेकॉर्ड करायला सांग. चित्र नको, कारण चित्र असलं की तू स्वतःची उडीच बघत बसशील. घरी डोळे मिटून ऐक आणि कागदावर मिनिटामिनिटाला लिही, आवाज कुठे चढला, कुठे बसला, कुठे खुर्च्यांचा आणि गप्पांचा आवाज आला. मग कंडक्टरच्या कुस्तीचा आवाज तसाच ऐक. दोन्ही कागद शेजारी ठेवलेस की कोणत्या जागी थांबायला हवं होतं हे तुझं तुलाच सापडेल. दर शोनंतर हे केलंस तर महिन्याभरात फरक कानाला कळेल.

शिडी आणि टेबलाची वाट मला पसंत नाही. मिक फोली १९९८ च्या जूनमध्ये पिंजऱ्याच्या सोळा फूट उंच छतावरून टेबलावर पडला, ते दृश्य जगभर गाजलं हे खरं. पण त्यामुळेच तो लोकांना आवडला असं म्हणता येत नाही. त्याच वर्षी हातात घातलेला एक मळका मोजा, त्यावर काढलेले डोळे आणि तोंड, एवढ्यावर त्याने हॉलच्या हॉल हसवले, आणि त्या मोज्यासाठी लोक आरडाओरडा करत. पडण्याने त्याच्या शरीराचं जे झालं ते मात्र भरून आलं नाही. शिवाय उंचीचा हिशेब वाईट असतो. आज आठ फुटांवरून पडलास तर पुढच्या जत्रेला लोकांना दहा फूट हवे असतात.

तुझ्या मूनसॉल्टबद्दलही एक सांगायचं आहे. जपानचा हायाबुसा हा त्या उडीतला जाणता माणूस. २००१ च्या ऑक्टोबरमध्ये दोरावर त्याचा पाय घसरला, उलटी पूर्ण फिरली नाही, तो डोक्यावर पडला आणि मानेखालचं शरीर लुळं पडलं. आपल्याकडे शोचा हंगाम पावसानंतर सुरू होतो, म्हणजे कार्तिकापासून शिगम्यापर्यंत उघड्या मैदानावर रात्री दहानंतर दव पडतं. दोरावरची टेप आणि कोपऱ्यातल्या खांबांची गादी ओली होते, डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागते. चढण्याआधी तळव्याने दोर चाचप. ओला लागला तर कोरड्या टॉवेलने पुसून घे, तरीही घसरत असेल तर त्या रात्री उडी नाही. समोरच्याशी त्यासाठी दुसरा डाव आधीच ठरवून ठेवा.

राहिली खलनायकाची वाट, आणि माझ्या मते तुझी वाट तीच आहे.

त्यात तुला कमीपणा वाटतो. दशावतार तू पाहिलाच असशील. लिहिलेली संहिता नसते, संवाद जागच्या जागी सुचवायचे, आणि राजाचा पराक्रम लोकांना पटायचा असेल तर राक्षसाने आधी तेवढा दरारा उभा करावा लागतो. पखवाज आणि झांजेच्या तालावर तो आला की पुढे बसलेली पोरं आईच्या पदराआड जातात. आड दशावतारातला, म्हणजे खेळाच्या सुरुवातीच्या भागातला, काळ्या वेशातला संकासूर तर वेद चोरणारा असुर, शेवटी विष्णूच्या हातून मरायचाच, तरी लोक त्याची वाट बघतात. प्रो रेसलिंगमध्येही पूर्वापार चाल अशी की कुस्ती चालवतो तो बहुधा खलनायक, म्हणजे हील. कधी मारायचं, कधी थांबायचं, लोकांचा राग कुठवर चढला हे बघून नायकाला कधी उठू द्यायचं, हे तो ठरवतो आणि कुजबुजून सांगतो. थांबणं शिकायचं असेल, आणि तुला तेच शिकायचं आहे, तर यापेक्षा चांगली शाळा नाही. गॉर्जियस जॉर्ज १९४० च्या दशकात अत्तर शिंपडत, झगा घालून, कुरळ्या केसांचा तोरा मिरवत यायचा. त्याला हरताना बघायला लोक तिकिटं काढायचे. १९६१ साली त्याला बघून एका तरुण मुष्टियोद्ध्याने गर्दी कशी खेचायची ते उचललं. तो पुढे मुहम्मद अली झाला.

आता पात्र कोणतं? चंदेरी चड्डी आणि इंग्रजी नाव असलेला कुठलाही खलनायक इथे चालणार नाही. तुझं पात्र तुझ्या पत्रातच आहे. "मी पंजाबात दोन वर्षं शिकून आलो, मला चाळीस डाव येतात, आणि तुम्ही टाळ्या कोणाला देता? ह्या कंडक्टरला?" हे तू मनापासून लिहिलं आहेस, म्हणून माईकवर खरं वाटेल. बाहेर जाऊन चार अक्षरं शिकून आलेला आणि आता गावच्या माणसाला तुच्छ लेखणारा मुलगा प्रत्येक वाड्यावर एक तरी असतो, त्याच्यावर ओरडायला कोणाला शिकवावं लागत नाही. बार्देश-डिचोलीत कोंकणीत बोल: "दोन वर्सां घाम गाळून हांव चाळीस डाव शिकून आयलां. आनी तुमी ताळयो मारतात ह्या कंडक्टराक?" कुडाळ-सावंतवाडीला मालवणीत. बोलणं दीड मिनिटाच्या वर नको. तुला कोण हवा आहे, का हवा आहे, कधी आणि कुठे त्याला आडवा करणार, एवढं त्यात आलं पाहिजे. लोक ओरडायला लागले की गप्प राहा, त्यांचं होऊ दे, मग तेच वाक्य पहिल्यापासून परत सुरू कर. त्याने ते आणखी चिडतात. जेक रॉबर्ट्स तर इतका हळू बोलायचा की लोकांना कान टवकारावे लागायचे. ओरडणाऱ्या खलनायकांच्या गर्दीत म्हणूनच तो वेगळा उठून दिसला.

बारा मिनिटांची कुस्ती धर. पहिली तीन मिनिटं कंडक्टरची. तू दोन देखणे डाव दाखवतोस, टाळीसाठी हात पसरतोस, तो साध्या धक्क्याने तुला आडवा करतो. 'फुडें वच' एकदा होऊ दे. मग तू लबाडी करून कुस्ती उलटवायची. रेफरीला कोपऱ्यात गुंतवून डोळ्यात बोट, आणि लगेच दोन्ही हात वर करून 'मी काय केलं?' ही लबाडी रेफरी सोडून सगळ्यांना दिसायला हवी, म्हणून मोठी आणि सावकाश कर. पुढची पाच मिनिटं तुझी. इथे उड्या मारू नको. मूनसॉल्ट मारलीस तर लोक टाळी देतील आणि खलनायक संपला. पाठीवर, कमरेवर, साधं, कंटाळवाणं नाही पण दुष्टपणाचं काम कर. उघड्या तळव्याने छातीवर मारलेल्या चपराकीचा आवाज मैदानाच्या टोकापर्यंत जातो, तो वापर. त्याची शिटी हिसकावून घे आणि तीच तू वाजव. यावर किती आवाज उठतो ते बघ. मध्ये एकदा कंडक्टर उठायचा प्रयत्न करतो, दोन ठोसे मारतो, लोक उठतात, तू परत पाडतोस. मग शेवटी तू दोरावर चढतोस, तुझा चाळिसावा डाव दाखवायला, लोकांकडे बघत बसतोस, आणि तो बाजूला होतो. मूनसॉल्ट इथे, रिकामी. हात आणि पायांवर भार वाटून पडायची सवय आधी जाड गादीवर भरपूर करून घे, सराव झाल्याशिवाय रिंगमध्ये नको. त्यानंतर दोन मिनिटं त्याची, आणि शिटी परत त्याच्या तोंडात. तू ज्या उडीचा अभिमान बाळगतोस तिला लोक पहिल्यांदाच जीव खाऊन ओरडतील.

रिंगमध्ये ठरलेलं आणि लोकांना हवं ते जुळत नसेल तर लोकांचं ऐक. २००२ साली टोरोंटोत रॉकविरुद्ध हल्क होगन खलनायक म्हणून आला, पण हॉल होगनच्या बाजूने झाला. दोघांनी ते पहिल्या काही मिनिटांत ओळखलं आणि चालू कुस्तीतच आपापल्या भूमिका बदलल्या. एखाद्या गावात पोरं तुझ्याच बाजूने ओरडली तर घाबरू नको. कुजबुजून कंडक्टरला सांग आणि थोडं त्याला लबाडी करू दे.

काही गोष्टी मात्र करायच्या नाहीत. धर्म, जात, भाषा, गावचं दैवत यावर बोलून राग मिळवू नको. तो राग रिंगमध्ये राहत नाही आणि त्यावर नंतर कुस्ती होत नाही. आई-बहिणीवर बोलायचं नाही, प्रेक्षकाला हात लावायचा नाही, लहान मुलाच्या हातातली वस्तू खेचायची नाही, थुंकायचं नाही. राग दोन प्रकारचा असतो. एका रागाने लोक तुला हरताना बघायला परत येतात, दुसऱ्याने येणंच बंद करतात. तुझ्या कुस्तीला खुर्च्या रिकाम्या व्हायला लागल्या तर तो दुसरा, आणि मग लबाडी वाढवण्याऐवजी मार जास्त खा. खलनायकाला मार खाता आला पाहिजे, पळता आलं पाहिजे, गुडघे टेकून माफी मागता आली पाहिजे. चांगलं दिसायची हौस ज्याला सोडवत नाही त्याने खलनायक होऊ नये.

आईला पहिल्या शोला नेऊ नको, सरावाला ने. कंडक्टरशी ओळख करून दे. तुला डोक्यावरून फेकताना तो तुझी मान कशी धरतो, पडताना तू हनुवटी छातीला टेकवून, श्वास सोडत, खांद्यांच्या पात्यांवर सपाट पडतोस आणि तळवे आपटून दणका वाटून टाकतोस, हे तिने दोन हातांवरून बघू दे. तुला मारणारा माणूसच तुला सांभाळतो हे दिसल्यावर निम्मी काळजी जाईल. शिव्यांचं दुःख तरी उरेलच, ते खोटं नाही. म्हणून स्वतःच्या गावच्या जत्रेत खलनायक म्हणून लगेच उतरू नको. पहिले काही शो पेडणे, सावंतवाडीकडे कर. शोच्या जागी त्या रात्री लोकांबरोबर फोटो काढू नको, पण सकाळी तिठ्यावर चहा पिताना नेहमीसारखा हसून बोल. लोकांना हा फरक लगेच कळतो, आणि आईच्या कानावरही तेच येईल.

हे वाचून घरी गादीवर किंवा किनाऱ्यावरच्या वाळूत डाव करून बघावेसे वाटणाऱ्या पोरांना कळकळीने सांगतो की करू नका. ओली वाळू काँक्रीटसारखी कडक असते आणि मान एकदाच मोडते. पडायला शिकवणारा माणूस समोर असल्याशिवाय कोणताही डाव नाही.

आयोजकांना हो म्हणण्याआधी त्यांच्याकडून काही गोष्टी ठरवून घे. शोच्या वेळी मैदानाच्या फाटकावर वाहन उभं राहील एवढी मोकळी वाट ठेवावी आणि १०८ ला कोणी फोन करायचा हे नावानिशी ठरलेलं असावं. रिंगच्या फळ्या, त्यांच्यामधल्या फटी आणि कोपऱ्यातल्या दोरांचा ताण दर शोआधी तुम्ही दोघांनी स्वतः तपासायचा. फळ्यांखाली एक माईक लावावा, नाहीतर उघड्या मैदानात दणक्याचा आवाज दहाव्या रांगेपुढे जात नाही. खुर्च्या पांगवून ठेवू नयेत, रिंगच्या जवळ आणि तीन बाजूंना दाट मांडाव्यात. पन्नास माणसं जवळ बसली तर दूर पांगलेल्या दोनशेंपेक्षा जास्त आवाज करतात. पाणी बाटलीतून न देता कागदी पेल्यातून द्यावं, खलनायकाच्या दिशेने काय येईल याचा नेम नसतो.

आणि एका कुस्तीवर राजी होऊ नको, कंडक्टरबरोबर तीन माग. पहिलीत तू लबाडीने जिंक आणि शिटी घेऊन घरी जा. दुसरीत तीच लबाडी करताना रेफरी तुला पकडेल आणि तू पळून जाशील. तिसरी त्याच्या बसच्या मार्गावरच्या गावात ठेवा, जिथे त्याचे रोजचे प्रवासी येतील, आणि तिथे तू सगळ्यांसमोर स्वच्छ हर. तिन्ही कुस्त्यांचा आवाज रेकॉर्ड करून ठेव, आणि चौथी करायची की नाही ते कंडक्टरबरोबर बसून, तो ऐकून ठरव.